साळवे बाईंचा शनिवारचा तास

साळवे साहेब, प्राजक्ता, बाईंच्या माहेरहून आलेली मंडळी, मुख्याध्यापक सर, माझे सहकारी, गावातली मंडळी, आणि पोरांनो, पोरींनो,

मला पाच मिनिटं बोला असं सांगितलंय. ती पुरतील की जास्त होतील, मला कळत नाही. माझा आवाज मैदानावरचा आहे. शिट्टी वाजवायची, नाव घेऊन हाक मारायची, एवढंच मला जमतं. आणि आज समोर बाईंचा फोटो आहे. प्राजक्तानं निवडलेला आहे, म्हणून त्यात बाई हसतायत. शाळेत आम्ही त्यांना असं हसताना फार कमी पाहिलं.

काल घरी बसून मी चार ओळी लिहिल्या होत्या. बायकोनं वाचल्या आणि म्हणाली, "हे कुणाच्याही शोकसभेत चालेल. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा." म्हणून कागद घरी ठेवून आलो.

माझ्याआधी जे बोलले ते म्हणाले, बाई कडक होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या, विज्ञान फार छान शिकवायच्या. सगळं खरं आहे. पण मला दुसरंच सांगायचंय. मी बाईंच्या विरोधात होतो. बरेच दिवस होतो. ते सांगितल्याशिवाय मला बाईंबद्दल एक शब्द बोलता येणार नाही.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. मी शेळके, या शाळेत पीटी शिकवतो, कबड्डीचे संघ तयार करतो. बाई आल्या त्याला अकरा वर्षं झाली. रोज केडगावहून स्कूटीवर यायच्या. पावसात रेनकोट, उन्हात स्कार्फ, आणि पायदानावर तपासायच्या वह्यांची पिशवी.

त्या आल्या त्याच वर्षीची गोष्ट. आमची मुलं शेजारच्या गावच्या शाळेकडून हरली. वाईट हरली. मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणालो, "बांगड्या भरा हातात आणि घरी बसा." हे वाक्य मी माझ्या सरांकडून ऐकलेलं. त्यांनी त्यांच्या सरांकडून ऐकलं असेल. मैदानाच्या कडेनं बाई चालल्या होत्या. थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता भांडतील. त्यांनी डबा उघडला आणि विचारलं, "सर, तुमच्या आई काय करायच्या?"

मी म्हटलं, "वडील आजारी असायचे. आई रोजगार हमीवर जायची. खडी फोडायची."

"हातात बांगड्या होत्या?"

होत्या. हिरव्या काचेच्या. हातोडीच्या दणक्यानं फुटू नयेत म्हणून आई मनगटाला फडकं गुंडाळून घ्यायची. ते फडकं मी स्वतः धुतलेलं आहे.

बाई पुढं काहीच बोलल्या नाहीत. डबा खाल्ला, हात धुतले, तासाला गेल्या. मंडळी, मला फार राग आला. एवढा राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. आता विचार करतो, राग कशाचा आला होता? त्या खोटं बोलल्या असत्या तर आला नसता.

आता शनिवारच्या तासाविषयी. शनिवारी आपली सकाळची शाळा. शेवटचा तास वेळापत्रकात 'जीवनकौशल्य' म्हणून असतो. पूर्वी त्या तासाला कुणीतरी गणित उरकून घ्यायचं, नाहीतर पोरं माझ्याकडे मैदानावर यायची. बाईंनी तो तास मागून घेतला. आठवी, नववी, दहावी, आळीपाळीनं. मुलं-मुली एकत्र. वर्ग कोण झाडतं आणि बाक कोण उचलतं, मुलगी मैदानाच्या कडेलाच का उभी राहते, मुलगा पडला तर "मुलीसारखा रडू नको" असं आपण का म्हणतो, असे विषय. आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो. मीही हसायचो.

मग एका शनिवारी बाईंनी नववीला कोरे कागद वाटले. म्हणाल्या, "कालच्या एका दिवसात जेवढ्या शिव्या कानावर पडल्या तेवढ्या लिहा. नाव घालू नका. मोठ्यानं वाचू नका." पोरं खूश. खुसखुस चालली होती. लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता प्रत्येक शिवीसमोर लिहा, शिवी कुणाला दिली होती आणि ती कुणावर होती. दिली मित्राला, पण आहे कुणावर? आईवर? बहिणीवर? ती तिथं हजर होती का? तिनं काय केलं होतं?"

त्या वर्गातला एक मुलगा आज इथं बसलाय, आता कॉलेजात आहे. त्यानं मला सांगितलं, "सर, दुसरा रकाना भरताना कुणी हसलं नाही."

पण गावात गेली ती बातमी वेगळी गेली. बाई पोरांना शिव्या लिहायला लावतात. पालकांची बैठक झाली. याच सभागृहात. मी पालकांच्या बाजूला बसलो होतो, त्या तिकडच्या खिडकीपाशी. लोक बरंच बोलले. बाई उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "शिव्या मी शिकवल्या नाहीत. लिहायला सांगितल्यावर एकाचाही कागद कोरा आला नाही. त्या कुठून आल्या, ते आपण मिळून शोधू या."

माझ्या शेजारी बसलेला एक जण हळूच म्हणाला, "त्यांच्यातल्या बायांना काय, कसंबी बोलायची सवय असते." त्यांच्यातल्या म्हणजे काय, ते इथं सगळ्यांना कळतं. मलाही कळलं. मी ऐकलं आणि समोर बघत बसलो. साळवे साहेब, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो. मी काही बोललो नाही.

तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी तास बंद केला. बाईंना सांगितलं, तुम्ही तुमचं विज्ञान शिकवा. बाई "बरं" म्हणाल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी जे झालं, ते मला खरं सांगायचंय. सहा वर्षं झाली त्याला. नववीतली एक मुलगी. मुलींच्या कबड्डी संघात होती. ती आज इथं बसली आहे. येताना मी तिला विचारलं, बोलू का? ती म्हणाली, "बोला सर, पण नाव घेऊ नका." मी घेणार नाही. तुम्हीही मागं वळून शोधू नका.

तिची घोट्याची पकड अशी होती की मी तीस वर्षांत तशी दुसरी पाहिली नाही. सरावाला एक दिवस ती खाली वाकून पकड करत होती. मुलांच्या संघातल्या एकानं मोबाईलवर तिचा फोटो काढला. त्याखाली घाणेरडं काहीतरी लिहिलं आणि पोरांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावात फिरला. तो मुलगा माझा सगळ्यात चांगला खेळाडू होता. चढाईला गेला की दोन गुण घेऊनच यायचा. आणि पुढच्या शुक्रवारी तालुक्याचा सामना होता.

तिचे वडील दाखला काढायला आले. शेतकरी माणूस, वस्तीवर राहणारा. ऑफिसच्या दारात उभे होते, आत यायला तयार नव्हते. मला म्हणाले, "सर, पोरीची जात हाय. आता कसं करायचं?"

आणि मी त्यांना सांगितलं, "दादा, दाखला कशाला काढता? काही दिवस घरीच ठेवा पोरीला. विषय थंड होऊ द्या."

मी हे फार समजूतदारपणे म्हणालो. खांद्यावर हात ठेवून म्हणालो. आणि माझ्या डोक्यात शुक्रवारचा सामना होता.

ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तो मुलगा सरावाला आला. बाई मैदानावर आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, फोटो ज्यानं काढला तो मैदानावर आहे आणि जिचा काढला ती घरी आहे. हे तुम्हाला दिसतंय ना?"

मी म्हटलं, "बाई, मी तिच्या भल्यासाठीच सांगितलं."

त्या म्हणाल्या, "तिला विचारलंत?"

शाळा सुटल्यावर बाई स्कूटी घेऊन वस्तीवर जायला लागल्या. कच्चा रस्ता, आणि बाईंना कुत्र्यांची फार भीती. वस्तीवर दोन कुत्री होती. मुलीची आई पुढं येऊन कुत्री धरायची, मग बाई स्कूटीवरून उतरायच्या. वडील म्हणायचे, "बाई, तुमी म्हंता ते खरं हाय. पन गावात तोंड आमाला दाखवायचंय." बाई वाद घालायच्या नाहीत. मुलीला त्या दिवशीचा धडा शिकवायच्या आणि परत यायच्या. चार दिवस असं झालं.

मग त्यांनी मुख्याध्यापकांकडे एकच तास मागितला. नववीची फक्त मुलं. आणि अट घातली, शेळके सर वर्गात बसतील. मी मागच्या बाकावर बसलो. गुडघे मावत नव्हते.

बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "फोटो कुणी काढला ते मी विचारणार नाही. मला एवढंच सांगा, तो कुणी कुणी बघितला?"

एकही हात वर नाही.

"बघून कुणी त्याला म्हणालं का, काढून टाक म्हणून?"

एकही हात नाही.

मग बाई खुर्चीवर बसल्या आणि गप्प राहिल्या. मंडळी, शिक्षकाला गप्प बसणं किती अवघड असतं ते आम्हालाच माहीत. पंखा फिरत होता. पोरं बाकावर रेघोट्या ओढत होती. पाच मिनिटं गेली असतील. मला मात्र फार वेळ गेल्यासारखा वाटला. बाईंनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बहुतेक मी उठलो नसतो.

मी उठलो. म्हटलं, "तिच्या वडिलांना मी सांगितलं, तिला घरी ठेवा. कारण मला शुक्रवारचा सामना जिंकायचा होता. माझं चुकलं."

पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. त्यांचा पीटीचा सर, ज्याच्या आवाजानं ती थरथरायची, तो उभा राहून असं म्हणत होता. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. "बाई, मी बघितला." मग दुसऱ्यानं. "मी पुढं पाठवला." मग हात वर होत गेले. सगळ्यात शेवटी माझा तो खेळाडू उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला, "मी काढला."

बाई त्याला म्हणाल्या, "आपणहून बोललास, बरं केलंस. आता घरी जा आणि आईला सांग. फोटो कुणाचा होता ते सांगू नकोस. खाली तू काय लिहिलं होतंस, ते शब्द आईला सांग."

त्या मुलाचा चेहरा मी विसरलो नाही. संघातून काढलं तेव्हा तो एवढा हलला नव्हता. हो, मी त्याला काढलं. सामना आम्ही हरलो. त्या वेळी पोरांना रांगेत उभं केलं, पण बांगड्यांचं वाक्य तोंडात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. गिळलं.

त्यानं आईला सांगितलं. कसं सांगितलं असेल, देव जाणे. पण त्याची आई दुसऱ्या दिवशी एकटीच वस्तीवर गेली. मुलगी कोण, हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. दोघी आया गोठ्यापाशी बसल्या. काय बोलल्या ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही. बाईंनीही कधी विचारलं नाही. पुढच्या सोमवारी मुलीची आई तिला घेऊन शाळेच्या फाटकात उभी होती. मी म्हटलं, "वहिनी, दादा कुठं?" त्या म्हणाल्या, "ते न्हाई आले. मी आनलं. मी आनलेलं चालतंय ना?"

इथं गोष्ट गोड करून संपवता येईल मला. पण बाईंना ते आवडलं नसतं. ती मुलगी शाळेत परत आली, मैदानावर परत आली नाही. मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, "सर, आता खेळावंसं वाटत नाही." दहावी झाली, बारावी झाली, आता संगमनेरला नर्सिंग करते. आनंदात आहे, असं म्हणते. पण ती पकड गेली. एका मोबाईलनं आणि माझ्या एका समजूतदार वाक्यानं गेली.

त्यानंतर शनिवारचा तास परत सुरू झाला. मुख्याध्यापकांची अट होती, एक पुरुष शिक्षक सोबत हवा. मी म्हटलं, मी बसतो. तेव्हापासून बसत आलो. पोरांनो, तुम्हाला वाटतं मी तुमच्यावर लक्ष ठेवायला मागं बसायचो. मी शिकायला बसायचो. मंगळवार आणि गुरुवार अख्खं मैदान मुलींना देतो, ते त्या तासातूनच आलं. एका मुलीनं उभं राहून विचारलं होतं, "सर, तुमची मुलं दमल्यावर जो वेळ उरतो, तोच आमचा का?" मी वेळापत्रक बदललं.

बाई चुकायच्या नाहीत असं नाही. एकदा त्यांनी एका मुलाला वर्गात विचारलं, "तुझी आई सकाळी किती वाजता उठते रे?" तो मुलगा उठून बाहेर गेला. त्याची आई घर सोडून गेली होती. बाईंना माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी त्या मुलाची परवानगी घेऊन बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "मागच्या तासाला माझं चुकलं. मी न विचारता धरून चालले होते." कुठलाच शिक्षक असं बोललेला त्या पोरांनी ऐकला नव्हता. एकदा मी बोललो होतो, पण मला बोलतं बाईंनीच केलं होतं.

बाई आजारी पडल्यावर दवाखान्यात मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी डायलिसिस होऊन आल्या होत्या, बोलायला त्रास होत होता. तरी पहिला प्रश्न, "शनिवारचा तास कोण घेतंय?"

मी म्हटलं, "रिकामा चाललाय."

"तुम्ही घ्या."

"बाई, मला बोलता येत नाही."

साळवे साहेब, तुम्ही तिथंच होता. त्या हसल्या. म्हणाल्या, "बोलू नका. विचारा, आणि मग गप्प बसा. सगळे शिक्षक गप्प बसायलाच घाबरतात." नंतर त्यांना झोप लागली. प्राजक्ता, तू मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आलीस आणि म्हणालीस, "काका, आईला तुमची फार काळजी वाटते." मला तेव्हा हसू आलं होतं.

परवाच्या शनिवारी मी तो तास घेतला. आठवीचा. वाईट झाला. मी एक प्रश्न विचारला आणि गप्प बसायचं सोडून स्वतःच उत्तर देऊन टाकलं. पुन्हा प्रयत्न करीन.

एक शेवटचं सांगतो आणि थांबतो. बाई गेल्याचं कळल्यावर मला एक फोन आला. फोटो काढणारा तोच मुलगा. आता शिर्डीत असतो, फुलांचा टेम्पो चालवतो. म्हणाला, "सर, शोकसभा कधी आहे?" मी दिवस सांगितला. म्हणाला, "ती येणार आहे का?" मी म्हटलं, येणार असेल. म्हणाला, "मग मी येत नाही. मला बघून तिला बसायला नको वाटेल. बाईंसाठी आलेली असेल ती, तिला नीट बसू द्या." आणि त्यानं फोन ठेवला.

मंडळी, मी त्याला हे शिकवलं नव्हतं. मी त्याला चढाई शिकवली होती.

आता आपण उभं राहू या. आयुष्यभर मी तुम्हाला 'सावधान' सांगत आलो. आज सांगणार नाही. ज्याला जसं उभं राहता येईल तसं राहा. माझ्या संघातली पोरं मागं उभी आहेत, मघापासून शर्टाच्या बाहीला डोळे पुसतायत आणि कुणी बघतंय का ते बघतायत. पुसू नका. कुणी बघत नाही. दोन मिनिटं आपण सगळे गप्प राहू.

आणि त्याआधी, बाई, इतकी वर्षं मी तुम्हाला लांबूनच 'नमस्कार' म्हणत आलो. तुमच्या घरची माणसं एकमेकांना जसं म्हणतात, तसं आज पहिल्यांदा म्हणतो.

जय भीम, बाई.